टेनिसच्या मैदानावरची लक्ष्मीची पावलं

टीव्हीवर टेनिस लागलं की आमच्या घरात खेळाडूंपेक्षा प्रेक्षकच जास्त बघितले जातात. नात ओरडते, "आजी, तो बघ ना, सिनेमातला! पांढरी टोपी घातलेला!" सून म्हणते, एवढी मोठमोठी माणसं कामधंदा सोडून एका चेंडूच्या मागे माना कशा फिरवत बसतात, कोण जाणे. मी म्हणते, त्यात काय नवल आहे बाई? टेनिसचं वेड लागलेली सिनेमाची नटी मी माझ्या स्वतःच्या उंबऱ्याशी उभी पाहिली आहे. तिनं आमचं घर वाचवलं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. सून पुण्याची. तिला माझं बोलणं मुळातच उर्मट वाटतं, त्यात ही गोष्ट थापेची वाटते. वाटो बापडी. म्हणून लिहूनच ठेवते.

माझं माहेर अकोल्याचं. बाप मोर्णेच्या काठानं भाजी लावायचा. लग्न होऊन मी भातकुलीला पडले. सासरही माळ्याचंच, पण शेत, घर, बैल सगळं मोठ्या दिरांच्या ताब्यात, आणि दीर माझ्या जावेच्या ताब्यात. भातकुलीचं पाणी खारट. तशीच जाऊही, असं मी तेव्हा म्हणत असे, आणि आता म्हातारपणीही ते मागे घ्यायला तयार नाही. त्या घरात मीठ कुठल्या मडक्यात आहे हेसुद्धा मला विचारून घ्यावं लागे. भाकर थापली तर जाडी झाली, पातळ थापली तर मोडली. सासू विधवा. ती दिवसभर गोठ्याकडे बसून असायची, तिला तर कोणी विचारतही नव्हतं.

मग देव पावला. आमच्या घरधन्यांना अमरावतीला साहेबलोकांच्या आणि वकीललोकांच्या क्लबात माळ्याची नोकरी लागली. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, वरचे हुकूम नागपुराहून यायचे, आणि अमरावतीत वकिलांचं भारी पेव फुटलेलं. संध्याकाळ झाली की हे वकील, डॉक्टर, इंग्रज डिप्टी कमिशनर, सगळे त्या क्लबात टेनिस खेळायला जमायचे. नोकरीसोबत मेंदीच्या कुंपणामागं दोन खोल्या मिळाल्या. दारात विहीर, पाणी गोड. पहिल्या दिवशी मी तीन दगड मांडून चूल पेटवली आणि नुसती तिच्यासमोर बसून राहिले. माझी चूल! मीठ कुठं आहे ते मलाच ठाऊक! राणीला राज्य मिळाल्यावर काय वाटत असेल, ते मला त्या धुरात वाटलं.

महिनाभरानं सासू आली. हातात एक गाठोडं, पायांना धूळ. भातकुलीहून चालत आली होती. लेकानं विचारलं, "माय, कशी काय आली वो?" ती म्हणाली, "आली. काहून, येऊ नोये का?" बस, एवढंच. ती राहिली ती राहिलीच.

आता त्या मैदानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. त्यावर चेंडू टाकला तर कुठं उडेल आणि कुठं मरेल, नेम नाही. म्हणून मैदानाची काळी माती उपसून खाली मुरूम भरला होता, वर पांढरी माती, आणि त्यावर शेणाचं सारवण. हो, शेणाचं! पांढरीफेक विजार घालून साहेब ज्याच्यावर नाचायचे, ते मैदान आमच्या अंगणासारखंच सारवलेलं असे. सारवलं, वाळलं, की सुतळी ताणून चुन्याच्या रेघा ओढायच्या. हे सगळं आमचे घरधनी दोन गडी घेऊन करायचे. बायकांचा त्या मैदानाशी काही संबंध नव्हता. आम्ही मेंदीच्या अलीकडं, मैदान मेंदीच्या पलीकडं.

दर हिवाळ्यात क्लबात सामने भरत. अकोल्याचे, यवतमाळचे, नागपूरचे खेळाडू यायचे. त्या साली पावसाळा लांबला होता, मागून एकदम कडक ऊन पडलं, आणि मैदानाला भेगा पडत होत्या. एका सामन्यात कोणा वकिलाचा पाय मुरगळला. क्लबाचे सेक्रेटरी स्वतः मोठे वकील. माणूस वाईट नव्हता, पण तापट, आणि क्लब म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी आमच्या घरधन्यांना सगळ्यांसमोर बजावलं, "पुढच्या सामन्यांत मैदानाची एक तक्रार आली तर दुसरा माळी बघतो. खोल्या रिकाम्या कराव्या लागतील." त्या रात्री मला भाकर गेली नाही. खोल्या गेल्या म्हणजे भातकुली. भातकुली म्हणजे पुन्हा त्या जावेच्या हाताखाली, आणि तेही नाक मुठीत धरून परत आलेली. मी घरधन्यांना म्हटलं, "मी विहिरीत उडी मारीन, पन तथी जानार नाई." ते म्हणाले, "काहून अशी अभद्र बोलतं?" पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

आणि अशात ती बातमी आली. मुंबईची एक नटी, बोलपटातली, जिचं चित्र तेव्हा आमच्या शहरात लागलेलं होतं, ती अमरावतीला येणार. एका जिनिंगवाल्या शेटजींकडं उतरणार. थिएटरवाल्यांनी तिला बोलावलं तर तिनं म्हणे आधी विचारलं, तिकडं टेनिस खेळतात का? सामने कधी असतात? आणि सामन्यांचा दिवस बघूनच यायचं कबूल केलं. मुंबईत कुठंही सामना असला की ही बाई हजर, चित्रीकरण थांबलं तरी चालेल. शहरात नुसता कल्ला! ज्यांनी जन्मात टेनिस पाहिलं नव्हतं, ते क्लबाच्या भिंतीवर कुठं बसायला मिळेल ते आदल्या दिवशीच पाहून गेले. सेक्रेटरीसाहेबांचं तर जमिनीवर पाऊल पडेना. शेवटचा सामना डिप्टी कमिशनरसाहेब आणि एक तरुण वकील यांच्यात, आणि समोर ती नटी. आमच्या सासूचं म्हणणं वेगळं. "थेटरातली बाई. लाज नाई, शरम नाई. तिले पाह्यासाठी येवढे लोकं?" असं म्हणत ती पलीकडच्या बातम्या मात्र सगळ्या विचारून घ्यायची.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरधन्यांना हिवताप भरला. दात वाजताहेत, अंगावर दोन गोधड्या, डोळे लाल. कापसाची वेचणी ऐन भरात, गडी शोधून मिळेना. सगळं शहर जणू पऱ्हाटीत. आता मैदान सारवणार कोण? ते उठायला बघायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. सासूनं शेणाची पाटी उचलली आणि मला म्हणाली, "चाल वो. सारवाले काय मर्दच लागते? जन्मभर काय केलं आपून?"

सामन्याच्या दिवशी भल्या पहाटे आम्ही दोघी मेंदीतून वाकून पलीकडं गेलो. थंडी अशी की शेणकाल्यात हात घातला की बोटं बधिर. पण काम बाकी झकास झालं. सासू एका टोकाकडून, मी दुसऱ्या टोकाकडून, हाताच्या अर्धगोलांची ओळ ओळीला भिडत गेली. भेगा बुजल्या. ऊन वर आलं तेव्हा ते मैदान असं दिसत होतं की मीच कौतुकानं बघत राहिले. आमच्या घरधन्यांनीसुद्धा असं कधी सारवलं नव्हतं, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं तर ताप आणखी चढला असता. मी भाकरी टाकायला घरी आले. सासू म्हणाली, "तू हो पुढं. मी येतो हात धुऊन."

दुपार कलली तेव्हा घरधनी गोधडी लपेटून रेघा ओढायला उठले. मी चुन्याचा डबा घेऊन मागं. मेंदीतून पलीकडं गेलो आणि दोघंही जागीच खिळलो.

सबंध मैदानाला रांगोळी. चार कोपऱ्यांना चार कमळं. आणि फाटकापासून थेट मधल्या जाळीपर्यंत लक्ष्मीची पावलं, जोडीजोडीनं, ठसठशीत, पाची बोटांची. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. मला आठवण नव्हती, सासूला होती.

"माय! हे काय करून ठेवलं वो?"

सासू मेंदीअलीकडं आमच्या पायरीवर वाती वळत होती. "काय केलं? सारवलं. रांगोळी काढली."

"अवो, हे मैदान हाये! घर नोहे!"

"सारवलेली जागा उघडी ठेवतेत का कोनी? मढं उचललं का मंगच ठेवतेत. अन आज गुरुवार हाये. तुले कोन शिकवलं रे, सारवन करून तशीच सोडाची म्हून?"

आमच्याकडं हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. सारवलं की रांगोळीचं निदान एक बोट तरी ओढायचं. घरधनी आजवर सारवायचे ते मर्द माणूस म्हणून, त्यांना कोण विचारणार? पण बाईच्या हातून सारवलं गेलं तर ते उघडं कसं राहील? मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "आत्याबाई, कोपऱ्यातली राहू द्या, पन मधली पावलं पुसून टाकू. लोकं बूट घालून खेळतेत तथी."

"पुसाची नाई," सासू म्हणाली.

"अवो, खोल्या जातीन आपल्या!"

"आलेली लक्ष्मी पुसते का कोनी? उद्या सकाऊन पुसजा. आज नाई."

मी भांडले. काय वाट्टेल ते बोलले. तिनं झाडू घेतला आणि त्याच्यावर बसली. खरंच बसली, मांडी घालून! घरधनी तापानं थरथरत होते. त्यांनी जाणलं की आता आईशी झगडण्यात वेळ गेला तर रेघाही व्हायच्या नाहीत. त्यांनी पावलांना न दुखवता, त्यांच्या मधून, बाजूनं, चुन्याच्या रेघा ओढल्या. सेक्रेटरीसाहेब सकाळपासून बडनेऱ्याच्या स्टेशनावर गेलेले, नटीला आणायला. त्यांना हे कळायचं होतं अजून. मी मनातल्या मनात भातकुलीची वाट चालायला लागले होते.

चारच्या सुमाराला लोक लोटले. भिंतीवर लोक, लिंबाच्या झाडावर लोक, तांग्यांच्या छतावर लोक. शामियान्यात वकिलांच्या बायका, नऊवारी शालू नेसून, जन्मात पहिल्यांदा टेनिसला आलेल्या. मग मोटार आली. ती उतरली. मी मेंदीच्या फटीतून पाहिलं. अबोली रंगाचं पातळ, हातात साधी छत्री, दागिने जवळजवळ नाहीतच. मला वाटलं होतं काहीतरी झगमगीत असेल. ती कोणाकडं न बघता तरतरा पुढं आली, पहिल्या खुर्चीवर बसली, आणि जाळीची उंची बरोबर आहे का ते बघायला लागली.

आणि मग सगळ्यांच्या नजरा मैदानावर गेल्या.

तरुण वकील खेळायला निघाला तो रेघेवरच थबकला. त्याच्या पायात कातड्याचे बूट. खाली लक्ष्मी. त्यानं एक पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा मागं घेतला. डिप्टी कमिशनरसाहेब दुसऱ्या बाजूनं आपले निघाले होते सरळ. वकील एकदम ओरडला, "सर, थांबा, थांबा!" साहेब बिचारा एका पायावर उभा. भिंतीवरच्या लोकांत कुजबुज सुरू झाली. "लक्ष्मी हाये रे, लक्ष्मी." "गुरुवार हाये आज." "चामड्यानं तुडवतेत का काय?"

सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा लालबुंद. ते मेंदीजवळ आले. "हा काय तमाशा? क्लब आहे की देऊळ?" घरधनी हात जोडून उभे. साहेब म्हणाले, "झाडून काढ! आत्ताच्या आत्ता!" घरधन्यांनी झाडू उचलला, आणि सासू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. साठीची बाई, डोक्यावरचा पदर दातात धरलेला, ढिम्म हलेना. लेक आईला ढकलणार का? साहेबांनी चपराशाला हुकूम केला. चपराशी म्हणाला, "साहेब, आज गुरुवार हाये. लक्ष्मीवर झाडू? माह्या घरी लेकरं हायेत, साहेब." दुसऱ्या चपराशाला सांगितलं तर तो गर्दीत शिरून दिसेनासाच झाला. साहेबांनी स्वतः झाडूकडं हात नेला. पण शामियान्यात त्यांची बायको बसली होती. तिनं फक्त एकदा बघितलं. साहेबांचा हात तसाच परत आला.

मग तो सगळा राग आमच्यावर निघाला. "उद्या सकाळी खोल्या खाली पाहिजेत," ते म्हणाले. "सामान घेऊन चालते व्हा. मला तुमचं तोंड दिसलं नाही पाहिजे."

झालं. संपलं. मला सासूचा असा संताप आला की तिच्या झिंज्या धराव्यात. एक पुसायचं फडकं, एक! तेवढ्यासाठी माझी चूल गेली. मी दात आवळून उभी होते, रडायचं नाही म्हणून.

आणि तेवढ्यात ती आली. नटी. छत्री मिटलेली, पातळाच्या निऱ्या एका हातानं उचललेल्या, कपाळावर आठी.

"अहो, सुरू का करत नाही? ऊन उतरलं की चेंडू दिसायचा नाही! एवढ्या लांबून मी काय चहा प्यायला आलेय?"

सेक्रेटरीसाहेब चाचरले. "बाई, ते जरा... ही अडाणी माणसं..."

तिनं खाली पाहिलं. पावलं पाहिली. फाटकापासून जाळीपर्यंत नजर फिरवली. मग विचारलं, "कोणी काढली?"

सासू पदर सोडून म्हणाली, "म्या."

"आज मार्गशीर्षातला गुरुवार, नाही का? सुरेख काढलीत. आत येताहेत ना?"

"तर! बाहीर जानारी कोन काढीन बाप्पा?"

"मग त्यांना इथं उघड्यावर का उभं करून ठेवलंय?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "पाहुणी दारात आली तर तिला अंगणातच ताटकळत ठेवतात का? तुमचं घर कुठं आहे?"

सासू गोंधळली. मी तिला जन्मात पहिल्यांदा गोंधळलेली पाहिली. "थे काय. मेंदीच्या मांगं."

"मग घ्या की त्यांना घरात! पावलं इथं जाळीपाशी संपवलीत, तिथून पुढं तुमच्या दारापर्यंत काढा. त्या घरात जाऊन बसल्या की इथल्या खुणा पुसायला काही हरकत नाही. चला, चला, उजेड जातोय!"

सासूनं वळून आमच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "बराबर हाये बाईचं." आणि रांगोळीची वाटी मागायला तिनं माझ्याकडं हात केला.

मी वाटी आणून दिली आणि घराकडं धावत सुटले. घर म्हणजे काय अवतार! तापाच्या गोधड्या, कांद्याची रास, शेणाची पाटी, मधोमध उंदरानं कुरतडलेली चिंधी. मी सगळं लाथेनं एका कोपऱ्यात सारलं, पाट मांडला, दिवा लावला. बाहेर पाहते तर सासू वाकून जाळीपासून मेंदीकडं, मेंदीतून आमच्या दाराकडं पावलं उमटवत येते आहे, आणि तिच्यामागं छत्री धरून ती नटी, आणि नटीमागं अख्खं अमरावती. वकिलांच्या बायका, शेटजी, चपराशी, झाडावरून उतरलेले लोक. डिप्टी कमिशनरसाहेबसुद्धा टोपी काढून मेंदीजवळ अदबीनं उभा! त्याला काय समजलं असेल देव जाणे.

शेवटचं पाऊल उंबऱ्याच्या आत उमटलं. नटी उंबऱ्याशी थांबली. हळदीकुंकू घेऊन तिनं पावलांवर वाहिलं, हात जोडले. एवढ्या जवळून पाहिली तेव्हा कळलं, माझ्याहून चारदोन वर्षांनीच मोठी असेल. मला म्हणाली, "झालं ना? आल्या ना आत?" मी मान हलवली. "मग मी जाते हं," म्हणाली आणि निऱ्या उचलून अक्षरशः पळाली. खुर्चीकडं.

सासूनं स्वतःच्या हातानं, ओल्या फडक्यानं, मैदानातली पावलं पुसली. पुसताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. घरधन्यांनी चुन्याच्या रेघा पुन्हा उजळल्या. आणि सामना एकदाचा सुरू झाला.

कोण जिंकलं, विचारू नका. मला आजही माहीत नाही. मी दारातच बसून होते, दिव्याकडं बघत. पण मेंदीपलीकडून तिचा आवाज येत होता. "अरे, पुढे ये, पुढे ये!" "गेला! बाहेर गेला तो!" "शाब्बास!" पंच उंच लाकडी घोडीवर बसून जे म्हणे त्याच्याशी ती बिनदिक्कत वाद घाली. भिंतीवरचे लोक मैदान सोडून तिच्याकडंच बघत होते. तिनं एकदा चिडून मागं वळून सगळ्यांना झापलं, "माझ्याकडे काय बघताय? तिकडे बघा ना, किती छान खेळताहेत!" तेव्हा लोक शाळेतल्या पोरांसारखे निमूट मैदानाकडं वळले, म्हणे. मला ते शेजारच्या बाईनं येऊन सांगितलं.

अंधार पडायला लागला तशा वकिलांच्या बायका आमच्या दारी यायला लागल्या. लक्ष्मी जिथं गेली तिथं हळदीकुंकवाला जायला नको? आमच्या त्या दोन खोल्यांत शालू मावेनात. सेक्रेटरीसाहेबांची बायको पाटावर बसली आणि मला म्हणाली, "पोरी, भाग्य आहे तुझं. आता ह्या घरातला दिवा विझू देऊ नकोस हं." आणि तिचा नवरा तिला न्यायला आला होता, दाराबाहेर ताटकळत उभा होता. चपला काढून उभा होता, हे मी बघितलं. उंबऱ्यावर पावलं होती ना.

मला राहवेना. आमचे घरधनी डोळ्यांनी खुणावत होते, गप राहा, गप राहा. पण मी काय गप राहणारी? मी सरळ विचारलं, "साहेब, खोल्या कधी खाली कराच्या? उद्या सकाऊन का दुपारी?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग बायकोकडं. बायको कुंकवाची डबी मिटत होती, वर बघेना.

"कोण म्हणालं खोल्या खाली करा?"

"तुमीच म्हनलं. समद्यांसमोर."

साहेब खाकरले. "मैदान पुढच्या आठवड्यात परत सारवावं लागेल की नाही? मग कोण सारवणार? मी?" आणि घरधन्यांकडं वळून म्हणाले, "ताप उतरला की ये माझ्याकडं. डॉक्टरला सांगून ठेवतो, औषध घेऊन जा." चपला पायात घालून ते बायकोमागं निघून गेले. जाताना मेंदीशी दोनदा वळून पाहिलं त्यांनी, आमच्याकडं नाही, उंबऱ्याकडं. एवढ्या लोकांदेखत लक्ष्मी जिथं शिरली, ते घर रिकामं करायची छाती कोणाची होती?

दार लागलं आणि मी मटकन खाली बसले. हसायला आलं, रडायला आलं, काय काय आलं. घरधनी गोधडीतून म्हणाले, "वाचलो बा एकदाचे." आणि लगेच घोरायलाही लागले. मी चुलीत लाकूड सारलं, पीठ मळायला घेतलं. पीठ माझं होतं, परात माझी होती, आणि उद्याही ती तिथंच राहणार होती. हुश्श! तेवढा एक शब्द मी किती वेळ म्हणत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

सासू भिंतीला टेकून बसली होती. हात अजून रांगोळीनं पांढरे. मी म्हटलं, "आत्याबाई, धन्य तुमची! येवढा हट्ट कशापायी? दुपारीच पुसू देल्ली असती तर हे झालंच नसतं."

तिनं हात पदराला पुसले. मग म्हणाली, "थ्या घरी म्या अंगनात रेघ वढली, का मोठी सून पायानं पुसे. म्हने, रांडक्या बाईचा हात, सवाष्णीच्या दारात नोको. म्हून रांगोळीले हात लावनंच सोडलं होतं म्या. अथी आली तवापासून रोज काढतो. तू कधी पायानं पुसली नाई. आज कोनाले पुसू देनार होती मी? खोल्या गेल्या असत्या तरी देल्ली नसती."

खरं सांगू? मला रांगोळी काढायचा भयंकर कंटाळा. सासू काढते आहे, सुटले, एवढाच माझा विचार. त्यात तिनं काय पाहिलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ती बाई, माझी चूल गेली म्हणून दुपारी जिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या होत्या, तिलाही भातकुलीला माझ्याइतकंच जायचं नव्हतं. तरीही तिनं पुसू दिलं नाही.

मी तव्यावरची पहिली भाकर तिच्या ताटात टाकली. म्हटलं, "काढत जा तुमी रोज. मोठी आली अन तिनं पाय उचलला ना, तर मी हावो अथी."

"भाकर जाडी झाली वो," सासू म्हणाली, आणि खायला लागली.